कायदा गेला, वही राहिली

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,



दरवर्षी ३१ ऑगस्टला राज्यात ठिकठिकाणी विमुक्त दिन पाळला जातो. आपल्यापैकी अनेक जण त्या दिवशी व्यासपीठावर असतात. हारतुरे होतात, वसतिगृहाची घोषणा होते, वसंतराव नाईक महामंडळाच्या कर्जाचा विषय निघतो. १९५२ साली याच तारखेला केंद्र सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला आणि ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसत होता ते कागदोपत्री मोकळे झाले. भाषणं बहुधा इथंच थांबतात. ज्या वहीत त्यांची नावं लिहिली होती त्या वहीचं पुढं काय झालं, हा प्रश्न राहून जातो. हे पत्र त्या वहीबद्दल आहे.

सुरुवात १२ ऑक्टोबर १८७१ ची. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. इंग्लंडमध्ये दोनच वर्षांपूर्वी सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला होता; पण तिथं माणूस सराईत ठरायचा तो न्यायालयात गुन्हा शाबीत झाल्यावर, आणि तोही एकटा. हिंदुस्थानात तर्क वेगळा लढवला गेला. इथं जातीनं धंदा ठरतो, विणकराचा मुलगा विणकर होतो आणि सुताराचा सुतार. मग चोरी करणाऱ्यांचीही जात असणार आणि तिची पोरंही चोरच होणार. त्यातून गुन्हा सिद्ध करायची पायरीच गाळून टाकण्यात आली. प्रांतिक सरकारला एखादी जमात ‘पद्धतशीर गुन्हे करणारी’ वाटली, तर वरून मंजुरी घेऊन तसं राजपत्रात जाहीर करायचं. त्या जाहीरनाम्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, हेही कायद्यातच लिहून ठेवलं होतं.

गंमत अशी की याच स्टीफननं पुढच्या वर्षी भारतीय पुरावा कायदा दिला. आरोपीची चालचलणूक वाईट आहे एवढ्यावरून त्याला दोषी धरता येत नाही, हे तत्त्व त्या कायद्याच्या ५४ व्या कलमात होतं. एकाच टेबलावरून वर्षभराच्या आत दोन कायदे निघाले. एक म्हणतो, वाईट नावलौकिक हा पुरावा नव्हे. दुसरा म्हणतो, या लोकांच्या बाबतीत दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरजच नाही.

आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये सगळं एकत्र करून नवा कायदा आला. प्रत्येक दुरुस्तीत फास थोडा आवळत गेला. १८९७ मध्ये चार वर्षांच्या पोरापासून पुढची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. १९११ मध्ये बोटांचे ठसे आले. १९२४ च्या कायद्यात ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची होती. तोच गुन्हा दुसऱ्या कुणी केला तर इतकी शिक्षा नाही.

रोजच्या जगण्यात या कायद्याचा अर्थ एकच होता, हजेरी. ठरल्या वेळी पाटलापुढं किंवा चौकीवर उभं राहायचं. गावाबाहेर जायचं तर दाखला घ्यायचा, दुसऱ्या गावी पोहोचलं की तिथं तो दाखवायचा. लेकीचं बाळंतपण असो की भावाची मयत, दाखल्याशिवाय निघालं की कैद, दंड किंवा फटके. गावच्या पाटलावर आणि जागल्यावर या लोकांची खबर देण्याची जबाबदारी होती, म्हणजे शेजाऱ्यालाच पहारेकरी नेमलं होतं. ज्यांचं सगळं जगणं फिरण्यावर, त्यांचं फिरणंच गुन्हा ठरलं.

बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांवर लादून मुलूखभर पोहोचवत. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजा त्यांच्या रसदीवर चालल्या. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा बसला आणि तो व्यापार कोसळला. रामोशी आणि बेरड हे किल्ल्यांचे, गावांचे राखणदार. किल्ले पडले, वतनं गेली. सत्तेनं आधी धंदा काढून घेतला आणि मग बिनधंद्याची माणसं भटकतात म्हणून त्यांच्यावर कायदा केला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढं स्वतंत्र देशाच्या कायद्यांतही तो पुन्हा दिसतो.

सोलापूरचे सदस्य हे पत्र वाचत असतील तर त्यांना सेटलमेंट कुठली हे सांगायला नको. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणात आणून बसवली गेली आणि त्यातल्या अनेकांना शहरातल्या कापडगिरण्यांत कामाला लावलं गेलं. सकाळी हजेरी, भोंग्यावर गिरणी, संध्याकाळी पुन्हा हजेरी. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याकडं होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता. शाळा काढाव्यात, हाताला काम द्यावं, असं त्याला मनापासून वाटे. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीबद्दल मुंबई सरकारनं १९२८ मध्ये नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ठक्करबाप्पा हे त्याच समितीचे सदस्य होते. चांगल्या हेतूच्या माणसानं चालवलं तरी कुंपण ते कुंपणच. आत जन्मलेल्या मुलानं काही केलेलं नसे, तरी त्याच्या पत्त्यावरून पोलिसाला सगळं कळे. त्या भागाला सोलापुरात आजही सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतात.

स्वातंत्र्य आलं. मद्रास आणि मुंबई या प्रांतांनी हा कायदा केंद्राच्या आधीच बाजूला केला होता. केंद्रानं अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिची शिफारस आली की कायदा रद्द करा. पण त्याच शिफारशीला एक शेपूट होतं: त्याच्या जागी जातीचा उल्लेख नसलेला, सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा करा. तसे कायदे राज्याराज्यांत झाले. आपल्याकडं द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधिमंडळानं १९५९ मध्ये सराईत गुन्हेगार अधिनियम मंजूर केला. त्यात जातीचं नाव नाही आणि शाबीत गुन्ह्यांची अट आहे, हे मान्यच करावं लागेल. १८७१ च्या तुलनेत ती मोठी सुधारणा होती. पण नोंदणी, हजेरी, ठसे, हालचालींवर बंधनं हे सगळं सामान जुन्याच घरातून आलं. ज्यांच्या नावाची वही पोलिसांकडं तयार होती त्यांची झडती आधी, अटक आधी, शिक्षाही आधी. मग ‘सराईत’ व्हायला वेळ कितीसा लागणार?

त्याच १९५९ साली त्याच विधिमंडळानं भीक प्रतिबंधक अधिनियमही केला. पुढं तो दिल्लीसह इतरत्रही नेण्यात आला. भीक म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या आपण एकदा सावकाश वाचावी. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, वस्तू विकण्याचा बहाणा, यांआडून दान घेणं त्यात येतं. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणंही येतं. म्हणजे वासुदेव आला, डोंबारी आला, नंदीबैलवाला, बहुरूपी आणि कुडमुडे जोशी आला. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं संस्थेत डांबणं, पुढच्या खेपेला दहा वर्षांपर्यंत. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. जो कायदा मुंबईच्या विधिमंडळात जन्मला, त्याचा पहिला मोठा हिशेब दिल्लीच्या न्यायालयात झाला, ही गोष्ट या सभागृहानं थोडी मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान संशयास्पद स्थितीत कुणी आढळला तर त्याला पकडण्याची तरतूद त्याच्या १२२ व्या कलमात आहे. बंगल्यात झोपणाऱ्याला हे कलम आयुष्यात भेटत नाही. पालात राहणाऱ्याची रात्र मात्र उघड्यावरच जाते आणि त्याची स्थिती संशयास्पद आहे की नाही हे समोरचा शिपाई ठरवतो.

त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. हरणं, मोर, अस्वलं वाचली पाहिजेत यात वाद नाही आणि हे पत्र त्या कायद्याविरुद्ध नाही. पण फासेपारध्याचा फास, दरवेशाचं अस्वल, गारुड्याचा नाग, माकडवाल्याचं माकड हे सगळं त्या कायद्यानं आणि नंतरच्या नियमांनी एकेक करून गेलं. जनावराची काळजी घेणारी कलमं लिहिली गेली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाचं काय, याचं कलम लिहायचं राहिलं. धंदा आधी गेला, संशय नंतर आला. बंजाऱ्यांच्या आणि रामोश्यांच्या बाबतीतला तोच क्रम.

महाराष्ट्रानं या समाजांसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांचा स्वतंत्र प्रवर्ग करून आरक्षण देण्यात हे राज्य पुढं राहिलं. आज अ, ब, क, ड मिळून ते अकरा टक्के आहे. आश्रमशाळा आहेत, महामंडळ आहे. ‘उपरा’ लिहिणारे लक्ष्मण माने आणि ‘उचल्या’ लिहिणारे लक्ष्मण गायकवाड या दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पालातलं जगणं मराठी दिवाणखान्यांत पोहोचलं. सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला आणि देशातल्या विमुक्त-भटक्यांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज मांडला. पुढं भिकू रामजी इदाते यांचा आयोग आला. तेही महाराष्ट्राचेच. अहवालांची उणीव या प्रश्नाला कधीच भासली नाही.

पण हक्क मिळवायचा तर कागद लागतो आणि तिथं कायद्याचा नकाशा चमत्कारिक आहे. कैकाडी समाजाचं उदाहरण घ्या. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, भंडारा आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर, इथं कैकाडी अनुसूचित जातीत येतात. बाकी महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत. त्यामुळं नागपूरच्या कैकाड्यावर जातीवरून अत्याचार झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या मागं उभा राहतो; त्याचाच सोलापूरचा मेहुणा तशाच मारहाणीत त्या कायद्याच्या बाहेर. आपलं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं आणि उरलेली मुंबईत. सभागृहाचा मुक्काम हलला की याच राज्यातल्या त्याच समाजाच्या माणसाचा दर्जाही बदलतो, याकडं कुणी हरकतीचा मुद्दा म्हणून लक्ष वेधल्याचं फारसं ऐकिवात नाही. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. शिवाय प्रमाणपत्रासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. ज्या सरकारी यंत्रणेनं यांच्या आजोबांची रोज हजेरी घेतली, ठसे घेतले, गाव सोडलं की वेळ टिपली, तीच यंत्रणा नातवाला विचारते की तुमचं कुटुंब तेव्हा कुठं होतं, पुरावा आणा.

आता वहीकडं वळू.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतमजूर कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. अत्यंत निर्घृण गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. जिवंत राहिलेल्या साक्षीदार स्त्रीनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, हे निकालात आलं. आरोपी भटक्या जमातीतले आणि अत्यंत गरीब असल्यामुळं त्यांना खोटं गोवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही न्यायालयानं नोंदवलं. राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. या सहा जणांविरुद्ध कोणता विशेष कायदा वापरला होता? कोणताच नाही. १८७१ चा कायदा नव्हता, १९५९ चाही नव्हता. सामान्य फौजदारी कायदाच होता. संशयाची दिशा तेवढी जुनी होती.

ही दिशा पोलीस ठाण्यापुरती राहत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. अफवा व्हॉट्सॲपवरून आली होती, पण कुणाबद्दल ती लगेच खरी वाटली, याचं उत्तर मोबाइलमध्ये सापडणार नाही.

यानंतरची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल, कारण ती एका आमदाराची आहे. दिल्लीतल्या एका विद्यमान आमदाराची पोलिसांनी हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीची नोंदवही, उघडली आणि तिच्यात त्याच्या शाळकरी मुलांचाही तपशील घातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मे २०२४ च्या निकालात न्यायालय त्या आमदारापाशी थांबलं नाही. मागास समाजांतल्या निरपराध माणसांची नावं केवळ जातीच्या पूर्वग्रहातून या नोंदींमध्ये चढतात, अशा अभ्यासांची दखल त्यानं घेतली, विमुक्त जातींचा नाव घेऊन उल्लेख केला, आणि सगळ्या राज्यांनी आपापले नियम तपासावेत, असा निर्देश दिला. लगोलग ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दलचा निकाल आला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची ती याचिका. कारागृहांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींना थेट सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख होते. ते न्यायालयानं रद्द केले आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे मुळात हवेत का, याचाही विचार राज्यांनी करावा असं सुचवलं. हे कायदे काढून टाका, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोग २००० साली आणि संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी समिती २००७ साली सांगून बसली होती.

आता चेंडू आपल्या बाजूला आहे. न्यायालय निर्देश देतं. ठाण्यातल्या कपाटात कोणती वही आहे, हे गृह विभागाला सभागृहात उभं राहून सांगायला लावण्याचा अधिकार आपला आहे, आणि त्यासाठी एक तारांकित प्रश्नसुद्धा पुरतो. राज्यात आज किती हिस्ट्रीशीट उघड्या आहेत? त्यांतल्या किती माणसांवर एकही गुन्हा शाबीत झालेला नाही? त्यांत विमुक्त आणि भटक्या जमातींची माणसं किती? मे २०२४ नंतर किती नावं कमी केली? अल्पवयीन मुलांचे तपशील अजून त्यांत आहेत का? आकडे प्रवर्गवार मागावेत. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर आलं तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारावेत.

१९५९ चे दोन्ही अधिनियम या विधिमंडळाच्या पूर्वसुरींनी केले. त्यांचा आजवर कुणाविरुद्ध आणि किती वापर झाला याची श्वेतपत्रिका मागून, ते राहावेत की जावेत यावर उघड चर्चा व्हावी. सराईत गुन्हेगार असतातच आणि त्यांना आवर घालायला हवा, हा गृह खात्याचा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्यासाठी भारतीय न्याय संहितेत, नागरिक सुरक्षा संहितेत आणि तडीपारीच्या कलमांत भरपूर हत्यारं आहेत. त्यापलीकडं हा कायदा नेमकं काय देतो, हे खात्यानं आकड्यांनिशी पटवून द्यावं. भीक प्रतिबंधक अधिनियमातली गाण्या-नाचण्याची, भविष्य सांगण्याची, खेळाची ओळ तर दिल्लीसारख्या निकालाची वाट न पाहता काढता येते.

कैकाड्यांच्या यादीतली क्षेत्रीय अट उठवणं संसदेच्या हाती आहे. शिफारस राज्याकडून गेल्याशिवाय मात्र ते काम हलत नाही, आणि गेलेल्या शिफारशीचा पाठपुरावा सभागृहानंच करायचा असतो. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून जनगणना होत आहे आणि तिच्यात जातींची मोजणी आहे. १९३१ नंतर प्रथमच या लोकांची खरी संख्या कळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. प्रगणक घराघरांत जातील. पालं, रस्त्याकडेचे तळ आणि ऊसतोडीच्या टोळ्या यांपर्यंत ते पोहोचतील यासाठी कोणती व्यवस्था केली आहे, हे आपल्या मतदारसंघातल्या तहसीलदाराला आपण विचारू शकता. मोजायला येणारा माणूस दारात आला की पाल उचलून निघून जायचं, अशी सवय या लोकांना दीडशे वर्षांत सरकारनंच लावली आहे. तेव्हा प्रगणकाबरोबर पोलीस पाटील नको, त्याच समाजातला शिकलेला तरुण असावा, एवढी सूचना जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली तरी पुष्कळ होईल.

आपला विश्वासू,
या राज्याचा एक मतदार